दिल्लीच्या आधी ग्वीझ : कोल्हापूरच्या फाउंड्री मालकांना खुले पत्र

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल आणि उद्यमनगरातल्या समस्त फाउंड्री मालकांस,

सप्रेम नमस्कार.

मी पॅटर्नमेकर, म्हणजे ज्यावरून वाळूत साचा उठवतात तो नमुना घडवणारा. एकतीस वर्षं पॅटर्न केले, आधी सागवानात, मग अॅल्युमिनियममध्ये. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या रॅकवर माझ्या हातचं काही ना काही अजून असेल. आता निवृत्त आहे, पण भट्टीचा वास नाकातून गेलेला नाही आणि तुमच्या कार्यक्रमांची आमंत्रणंही अजून येतात. गेल्या वर्षभरात अशा तीन-चार कार्यक्रमांना मी मागच्या रांगेत बसलो होतो. प्रत्येक ठिकाणी एक वाक्य ऐकलं आणि प्रत्येक वेळी त्याला जोरात टाळ्या पडल्या: "आपल्यातला एक माणूस दिल्लीत पाहिजे."

त्या टाळ्यांमागचं दुखणं मला कळतं. वीजदराने कंबर मोडली आहे, कर्नाटकात जायची भाषा पुन्हापुन्हा निघते, पिग आयर्नचा, म्हणजे आपल्या कच्च्या लोखंडाचा, भाव कधी काय होईल सांगता येत नाही. आपलं गाऱ्हाणं मांडणारा आपल्याच धंद्यातला खासदार असावा, असं वाटणं स्वाभाविक आहे. त्याला माझा विरोध नाही. मला तुम्हाला फक्त एका फाउंड्रीवाल्याची गोष्ट सांगायची आहे. तो छोट्या गावातला होता, बिडाचा धंदा करून मोठा झाला आणि पाच वर्षं देशाच्या संसदेत बसून परत आला. परत आल्यावर त्याने जे केलं, त्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

माझा मुलगा नोकरीनिमित्त ब्रुसेल्सला असतो. तीन वर्षांपूर्वी आम्ही नवरा-बायको त्याच्याकडे गेलो होतो. एका रविवारी तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला राजवाडे-चर्च बघून कंटाळा आलाय. चला, एका फाउंड्रीवाल्याचं गाव दाखवतो." सीमा ओलांडून उत्तर फ्रान्समध्ये शिरलो. वाझ नदीकाठी ग्वीझ नावाचं गाव आहे. आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढंही नसेल. गावाच्या कडेला लाल विटांच्या तीन अवाढव्य इमारती एकमेकींना कोपऱ्यात जोडून उभ्या होत्या. समोरच्या चौकात पुतळा होता. राजाचा नाही, सेनापतीचा नाही, शेगड्या ओतणाऱ्या माणसाचा.

झाँ-बाप्तिस्त आंद्रे गोदँ. जन्म 26 जानेवारी 1817, एस्केएरी नावाच्या खेड्यात. बाप कुलुपं आणि लोखंडी कामं करणारा कारागीर. पोरगा अकराव्या वर्षी शाळा सोडून बापाच्या ऐरणीशी उभा राहिला. सतरा-अठरा वर्षांचा झाल्यावर तिथल्या कारागिरांच्या रिवाजाप्रमाणे काम करत करत देश फिरायला निघाला. दोन-अडीच वर्षं फिरला. दिवसभर राबायचं, रात्री कोंदट खोलीत पडायचं, मजुरीवरून मालकाशी वाद घालायचा. आपण कधी या स्थितीतून वर आलो तर कामगाराचं जगणं सुसह्य करायचं, असं त्याने तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, हे पुढे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. असं तरुणपणी पुष्कळ जण ठरवतात. मीही ठरवलं होतं.

1840 मध्ये त्याने स्वतःचं छोटं वर्कशॉप काढलं आणि एक साधी पण मोठी गोष्ट केली. तोवर घर तापवायच्या शेगड्या पत्र्याच्या असत. पत्रा लवकर तापतो, लवकर निवतो आणि जळून भोकं पडतात. याने शेगडी बिडात ओतली आणि त्याचं पेटंट घेतलं. बिडाचा तवा वापरणाऱ्या आपल्या आयाबहिणींना हे समजावून सांगायची गरज नाही. ऊब धरून ठेवावी तर बिडाने. मागणी वाढली तसा 1846 मध्ये तो वीस-तीस माणसं घेऊन ग्वीझला आला. पुढे बिडावर रंगीत एनॅमल चढवायला लागला. तिथल्या संग्रहालयात त्या शेगड्या मांडून ठेवल्या आहेत. मी गुडघ्यावर बसून एका झाकणाची पार्टिंग लाइन शोधत होतो. दोन्ही बाजूंनी वेलबुट्टीचं नक्षीकाम आणि साच्याचा जोड कुठे आहे ते बोटाला लागत नाही. वाळूत इतकं बारीक काम दीडशे वर्षांपूर्वी ज्यांनी उतरवलं त्या मोल्डरांना, साचे करणाऱ्यांना, मी तिथेच मनातून हात जोडले. सून म्हणाली, "बाबा, उठा, लोक बघताहेत."

हा माणूस शार्ल फुरिए या विचारवंताचं लिखाण वाचून भारावला होता. लोकांनी एकत्र राहावं, एकत्र राबावं आणि फळही वाटून घ्यावं, असं ते स्वप्न. फुरिएच्या अनुयायांनी 1855 च्या सुमाराला अमेरिकेत टेक्सासमध्ये, डॅलसजवळ, अशी वसाहत काढली. गोदँने तिच्यात एक लाख फ्रँक घातले, म्हणजे स्वतःच्या संपत्तीचा साधारण तिसरा हिस्सा. वसाहत काही वर्षांतच मोडली आणि पैसे बुडाले. आपल्यातला कोणी असता तर म्हणाला असता, झाली तेवढी समाजसेवा पुरे. गोदँने त्यातून वेगळाच धडा घेतला. दुसऱ्याच्या भरवशावर, समुद्रापार, न बघितलेल्या जमिनीवर काही करायचं नाही. करायचं ते आपल्या कारखान्यासमोर, आपल्या डोळ्यांदेखत.

1859 मध्ये ग्वीझमध्ये पहिली इमारत सुरू झाली. तिचं नाव फामिलिस्तेर. मधे मोठा चौक, चौकावर काचेचं छप्पर, चारही बाजूंनी मजल्यामजल्यावर गॅलऱ्या आणि गॅलरीत उघडणारी कामगारांची घरं. चौकसोपी वाड्यात वाढलेल्या माणसाला ती रचना लगेच ओळखीची वाटते, फक्त वाडा चार मजली करावा आणि अंगणावर काच घालावी. पाऊस असो, बर्फ असो, पोरं चौकात खेळणार आणि आई गॅलरीतून हाक मारणार. प्रत्येक मजल्यावर नळाचं पाणी. प्रत्येक मजल्यावर संडास. कचरा टाकायला भिंतीतून खाली गेलेली नळी. तळघरातून गार हवा वर खेळती राहील अशी सोय. एक गोष्ट मुलाने दाखवली नसती तर माझ्या लक्षात आली नसती. खालच्या मजल्याच्या खिडक्या उंच आहेत आणि वर जाल तशा त्या लहान होत जातात. कारण खाली उजेड कमी पोचतो. तळमजल्यावरच्या बिऱ्हाडालाही वरच्याइतकाच उजेड मिळावा, म्हणून खिडक्यांची मापं बदलली. हे ज्याला सुचलं तो मनाने कारागीरच राहिला होता.

गोदँ म्हणायचा, प्रत्येक कामगाराला श्रीमंताचा बंगला देणं शक्य नाही. पण श्रीमंत माणूस पैशाने जे विकत घेतो, म्हणजे स्वच्छ हवा, पाणी, उजेड, मुलांचं शिक्षण, आजारपणात आधार, ते सगळं एकत्र मिळून कामगारालाही देता येतं. म्हणून तिथे पाळणाघर झालं, वाजवी भावाची दुकानं झाली, शाळा झाली, नाट्यगृह झालं. शाळा फुकट आणि मुलं-मुली एकाच वर्गात, तेही फ्रान्सच्या सरकारने फुकट आणि सक्तीच्या शिक्षणाचे कायदे करायच्या कितीतरी आधी. आजारी पडलेल्यांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी निधी. 1870 मध्ये धुलाईघर आणि पोहण्याचा तलाव. त्या तलावाचा तळ लाकडी पट्ट्यांचा आहे आणि तो वर-खाली करता येतो, म्हणजे लहान मुलांना कमी पाणी आणि मोठ्यांना खोल. मी त्या यंत्रणेपाशी अर्धा तास उभा होतो. आणि हे सगळं बांधणारा मालक कुठे राहायचा? त्याच इमारतीत. त्याच चौकात उघडणाऱ्या घरात.

आता तुमच्या टाळ्यांचा मुद्दा.

फेब्रुवारी 1871. फ्रान्स प्रशियाशी युद्ध हरला होता, जर्मन फौजा देशात होत्या आणि घाईघाईने राष्ट्रीय सभेची, म्हणजे तिथल्या संसदेची, निवडणूक झाली. एन जिल्ह्याने गोदँला निवडून दिलं. सभा आधी बोर्दोला भरली, मग व्हर्सायला गेली. बहुमत राजेशाहीवाल्यांचं. त्याच वसंतात पॅरिसमध्ये कम्यून, म्हणजे बंड केलेल्या शहराचं स्वतःचं सरकार, उभं राहिलं आणि मेअखेरीस ते रक्तात बुडवलं गेलं. गोदँ प्रजासत्ताकवाद्यांच्या डाव्या बाजूला बसायचा. तो वक्ता नव्हता. वकील, सरदार, सेनापती यांच्या त्या सभागृहात शेगड्या ओतणाऱ्याच्या शब्दाला वजन आलं नाही. देशाला प्रजासत्ताक म्हणायचं की नाही, यावर त्या सभेत 1875 च्या जानेवारीत मतदान झालं आणि निकाल लागला 353 विरुद्ध 352 असा, एका मताने. मतांची अशी ओढाताण चाललेल्या सभागृहात कामगाराच्या खिडकीच्या उंचीवर कोण बोलणार?

त्या सभेने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. 1874 च्या मे महिन्यात तिथे बालकामगारांचा कायदा झाला. कारखान्यात घ्यायचं किमान वय साधारण बारा वर्षं ठरलं, काही धंद्यांना दहाची सूट मिळाली आणि तपासनीस नेमले गेले. देशासाठी ते मोठं पाऊल होतं. पण ग्वीझमधली त्या वयाची पोरं तोवर कित्येक वर्षं शाळेच्या बाकावर बसत होती. त्यांना त्या कायद्याची वाट बघावी लागली नव्हती. मालक मंडळींनो, माझा सगळा मुद्दा या एका गोष्टीत आहे.

1876 मध्ये सभेची मुदत संपली आणि गोदँ ग्वीझला परतला. वय एकोणसाठ. पुढच्याच वर्षी तिसऱ्या इमारतीचं काम निघालं. पहिल्या बायकोशी मालमत्तेवरून चाललेला लांबलचक खटला त्याच सुमाराला मिटला आणि त्याला आपल्या भांडवलाचं काय करायचं ते ठरवता यायला लागलं. 1880 च्या ऑगस्टमध्ये त्याने कारखाना आणि इमारती एका सहकारी संस्थेच्या हवाली केल्या, भांडवल आणि श्रम यांची भागीदारी म्हणून. नफा वाटायचा हिशेब असा की भांडवलाला त्याच्या व्याजाच्या प्रमाणात वाटा आणि कामगाराला त्याच्या पगाराच्या प्रमाणात वाटा. कामगाराचा वाटा रोख दिला जायचा नाही, त्याच्या नावाने भागाचा कागद व्हायचा. पैसा धंद्यातच राहायचा आणि त्यातून गोदँचं भांडवल हळूहळू फेडलं जायचं. तो 1888 च्या जानेवारीत गेला. काही वर्षांतच सगळं भांडवल कामगारांच्या नावावर झालं. ती संस्था 1968 पर्यंत चालली. म्हणजे अठ्ठ्याऐंशी वर्षं. दोन महायुद्धांत तो भाग जर्मनांच्या ताब्यात गेला, तरी चालली. संस्था संपल्यावरही गोदँच्या नावाच्या शेगड्या ग्वीझमध्ये बनत राहिल्या.

शाळांचं काम बघणारी मारी मोरे ही त्याची सहकारी आणि शेवटच्या काळात बायको. तिच्याविषयी वेगळं पत्र लिहायला हवं. तो गेल्यावर घडी विस्कटू न देण्यात तिचा मोठा हात होता.

सगळं गोड होतं असं मी भासवणार नाही. मी तिथे गेलो म्हणून माझे डोळे दिपलेले नाहीत. गॅलऱ्यांवरून सगळ्यांना सगळ्यांचं दिसायचं, खासगीपणा कमी होता आणि नियमांचा जाच वाटणारेही होते. निर्णय गोदँच्याच हातात राहायचे. कामगारांनी गट करून कारखान्याच्या कारभाराची चर्चा करावी असा प्रयत्न त्याने केला, पण फार थोडे पुढे आले आणि तो सोडून द्यावा लागला. संस्थेतही सभासदांच्या पायऱ्या होत्या. वरच्या पायरीवरच्यांना घर आणि मोठा वाटा, बाहेर राहणाऱ्या साध्या कामगाराला पुष्कळ कमी. पुढच्या पिढ्यांमध्ये आतले आणि बाहेरचे असा दुरावा वाढला. या चुका डोळ्यांसमोर ठेवूनच पुढे जायचं आहे.

आता आपल्याकडे या. एका कारखान्यात (नाव घेत नाही, घ्यायची गरज नाही) फेटलिंगला ओडिशाचा एक पोरगा होता. कास्टिंगच्या कडा तासायचं काम. हात इतका साफ की त्याच्याकडून आलेल्या जॉबला मी दुसऱ्यांदा गेज लावायचो नाही. चार दिवस आला नाही म्हणून मी त्याच्या खोलीवर गेलो. एमआयडीसीच्या मागे, ओढ्याच्या अंगाला, पत्र्याच्या बावीस खोल्या. त्याची खोली दहा बाय दहाची आणि त्यात अकरा जण. पाच-सहा जण रात्रपाळीचे, बाकी दिवसपाळीचे. एकाच अंथरुणावर पाळीपाळीने झोपायचे. तो उठला की दुसरा त्या गरम जागेवर आडवा व्हायचा. उशीवर डोक्याच्या आकाराचा काळा डाग होता, आपल्याच वाळूचा आणि कोळशाच्या पुडीचा. बावीस खोल्यांना मिळून एक नळ, तोही सकाळी तासभर. पोरगा तापाने फणफणलेला आणि पाणी विकतच्या बाटलीचं. मला बघून उठायची धडपड करायला लागला, कारण साहेब आला होता.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात हे सांगितलं. उत्तर आलं, "ते ठेकेदाराचं बघणं आहे." मी गप्प बसलो. तेव्हा मला अजून सहा वर्षं नोकरी करायची होती. त्या गप्प बसण्याचं ओझं मी इथे उतरवून ठेवतो आहे, कारण तुम्हाला दोष द्यायचा तर आधी माझा वाटा मान्य करायला हवा.

मग 2019 चा ऑगस्ट आला. पंचगंगेचं पाणी शिरोलीपाशी हायवेवर चढलं आणि रस्ता बंद पडला. पुढच्या वर्षी लॉकडाऊन. श्रमिक गाड्यांनी पोरं गावाला गेली. भट्ट्या पेटवायची परवानगी मिळाली तेव्हा ओतायला माणूस नव्हता. तुम्हीच तेव्हा फोनवर फोन करत होता, तिकिटं काढून देत होता, "काय पाहिजे ते देतो, या" म्हणत होता. आठवतं ना? आजही एखादी हीट, म्हणजे भट्टीतला एक घाणा, वाया जाते, कास्टिंग रिजेक्ट होतं, तेव्हा आपण वाळूचा ओलावा तपासतो, तापमान तपासतो. रात्री पाच तास आळीपाळीने झोपलेल्या पोअररच्या, म्हणजे रस ओतणाऱ्याच्या, हातातला लेडल (रसाचा डाव) कुठे हलला, हे कोण तपासतो?

तुम्ही म्हणाल, फ्रान्सचं उदाहरण कशाला? बरं, मग किर्लोस्करवाडी घ्या. इथून तासा-दीड तासावर आहे. 1910 मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना काढला, तेव्हा त्याच्याबरोबर गावही वसवलं. लोखंडी नांगर विकत होते तेव्हाची गोष्ट आहे ही, मोठा उद्योगसमूह झाल्यावरची नाही. ही कल्पना आपल्या मातीला परकी नाही, मधल्या काळात आपणच ती बाजूला ठेवली.

आणि दिल्लीचं म्हणाल, तर जरूर पाठवा माणूस. पण वीजदराचा निर्णय दिल्लीत होत नाही, तो मुंबईत होतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पाचशेच्या वर खासदारांत आपला एक. गोदँ तर स्वतः कारखानदार होता, अडाणी नव्हता, हेतू स्वच्छ होता, तरी पाच वर्षांत त्या सभागृहात त्याला जे जमलं नाही ते परतल्यावर चार वर्षांत त्याने स्वतःच्या फाटकाच्या आत करून दाखवलं. निवडणुकीला जो पैसा, जी माणसं आणि जी दोन-तीन वर्षं लागतात, त्यांचा निम्मा भाग तुम्ही फाटकाबाहेरच्या त्या बावीस खोल्यांकडे वळवा, एवढीच माझी मागणी आहे.

कोणी एकट्याने करावं असं मी म्हणत नाही. दहा मालकांनी मिळून एक जागा घ्या, पूररेषेच्या वर. ठेकेदाराला मधे घेऊ नका. भाडं घ्या, फुकट देऊ नका, फुकटातलं टिकत नाही. पण पाणी मजल्यावर द्या. पाळीप्रमाणे झोपायच्या खोल्या वेगळ्या करा, म्हणजे रात्रपाळीच्या पोराला दिवसा अंधार आणि शांतता मिळेल. कामावरून सुटल्यावर अंघोळ करून, कपडे बदलूनच खोलीत जाता येईल अशी न्हाणीघरं कारखान्याच्या बाजूला ठेवा. उशीवर वाळू येता कामा नये. बायको-मुलं आणायची असतील त्यांच्यासाठी वेगळा मजला आणि जवळच्या शाळेशी बोलणं. तिथे राहणाऱ्या पोरांपैकी दोघं-तिघं व्यवस्थेच्या समितीत घ्या, त्यांना हिंदीत बोलू द्या. नफ्यातल्या वाट्याची गोष्ट मी आज काढत नाही, ती ऐकून तुम्ही पत्र मिटवाल. आधी नळाचं बघू.

ग्वीझहून आल्यापासून मी रिकामा बसलेलो नाही. जुन्या सवयीने लाकडात नमुना केला आहे, एकास पन्नास मापाचा. चौक ठेवला आहे, पण काचेऐवजी वर उतरतं छप्पर आणि चारही बाजूंनी वारा, कारण आपल्याकडे थंडीपेक्षा पाऊस आणि उकाडा मोठा. गोदँच्या खिडक्यांची युक्ती घेतली आहे, खाली उंच, वर लहान. तीन मजले, साठ खोल्या, खोलीत चार जण. नळ आणि संडास कुठे येतात ते तांबड्या पेन्सिलीने दाखवलं आहे. तिसऱ्या मजल्यावरचा एक संडास जिन्याच्या फार जवळ आला आहे, तो अजून सरकवायचा आहे. नमुना उद्यमनगरात माझ्या जुन्या बाकावर ठेवला आहे. रविवारी सकाळी दहानंतर मी तिथेच असतो.

आपला,
एक निवृत्त पॅटर्नमेकर, कोल्हापूर